उचल आणि प्रीति

मांजरसुंब्याच्या चौकांत धुळें-सोलापूर आणि अहिल्यानगर-अंबाजोगाई हे दोन मोठे रस्ते एकमेकांस छेदतात. दसरा-दिवाळी झाली कीं बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें या रस्त्यांनीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊस तोडावयास जातात. नवरा व बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यास मुकादम आधींच उचल देतो, आणि ती हंगामभर राबून फेडावयाची असते. अंग दुखलें म्हणून एक दिवस खोपींत पडून राहिलें तर खाडा लागतो. हंगाम सरला आणि उचल फिटली नाहीं, तर बाकी पुढील वर्षाच्या मानेवर बसते. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांस हा व्यवहार समजावून सांगावयास नको.

तो येथें सांगण्याचें कारण असें कीं, निरपेक्ष प्रीति हे शब्द उपदेशांत वारंवार येतात, परंतु त्यांचा अर्थ विचारिला असतां कोणी म्हणतो, सर्वांविषयीं मनांत गोडवा बाळगणें. कोणी म्हणतो, सर्व कांहीं मुकाट्यानें सोसणें. आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें चुकीचीं आहेत. जी प्रीति उचल म्हणून दिली जात नाहीं ती निरपेक्ष, असें म्हटलें म्हणजे गांवच्या माणसास तिचा अर्थ नीट कळेल.

घरांतच पाहा. “तुझ्यासाठीं आम्ही पोटाला चिमटा घेतला, आणि तूं एवढेच गुण आणलेस?” असें बाप लेंकरास म्हणतो. चिमटा खरोखरच घेतलेला असतो. बाप खोटें बोलत नाहीं. पण त्या एका वाक्यानें इतक्या वर्षांचें जेवण कर्ज होऊन बसतें, आणि परीक्षेंत नापास झालेलें मूल घरीं येण्यास भितें. सुनेला घेतलेलें लुगडें, धाकट्या भावास दिलेले बियाण्याचे पैसे, यांचीहि गोष्ट तीच. मंडळींतहि आजाऱ्याची भेट घेतली म्हणजे त्यानें पुढच्या रविवारीं उपासनेस आलेंच पाहिजे, अशी कित्येकांची समजूत असते. मांजरसुंब्याहून पाटोद्यावरून जाणारा रस्ता जामखेडास पोंचतो. तेथें १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानें गांवोगांवच्या निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका करण्याचें काम आरंभिलें, आणि महारोग्यांनाहि जवळ केलें. त्यांनीं रोग्याचा धर्म विचारून औषध दिलें नाहीं, व औषध देऊन धर्म मागितला नाहीं.

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायांतील दाखला याच दृष्टीनें वाचावा. धाकटा पुत्र परत येतांना मनाशीं भाषण जुळवितो, आणि त्याचा शेवट मला मोलकऱ्यांत ठेवा असा असतो. म्हणजे खाल्लेली उचल तो फेडूं पाहतो. थोरला अंगणांत उभा राहून इतक्या वर्षांच्या राबणुकीचा हिशेब मांडतो, आणि आपल्याला एक करडूंहि मिळालें नाहीं म्हणून रुसतो. एक बुडालेला कर्जदार, दुसरा थकलेला सावकार; पण दोघेहि मजुरीचीच भाषा बोलतात. बाप ती भाषा बोलतच नाहीं. धाकट्याचें मोलकरी होण्याचें बोलणें तो पुरतें होऊंहि देत नाहीं, आणि थोरल्याची समजूत घालावयास स्वतः बाहेर येतो. थोरल्याकडे आमचे उपदेशक सहसा वळत नाहींत, हें नवल आहे.

आपल्या मराठी मंडळीपुढें याचें एक घरगुती उदाहरण आहे. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजीं झाला, आणि लक्ष्मीबाईंची व त्यांची कित्येक वर्षें ताटातूट झाली. पुढें त्या त्यांजकडे परतल्या, त्या स्वतःचा धर्म व सोवळेंओवळें राखूनच. टिळक शीघ्रकोपी होते, हें ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्यास ठाऊक आहे. तरी आधीं बाप्तिस्मा घे मग घरांत ये, असें त्यांनीं पत्नीस म्हटलें नाहीं. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालीं झाला, तो त्यांचें स्वतःचें मन पालटल्यावर.

आतां कोणी विचारील, नवरा दारू पिऊन मारीत असेल तर बायकोनें निरपेक्ष प्रीति म्हणून मार खात राहावें काय? या प्रश्नावर आमच्या मंडळ्यांत पुष्कळ अनर्थ झाला आहे, म्हणून स्पष्ट लिहितों. मुळींच नाहीं. दाखल्यांतील बापानें दूरदेशीं पुत्राच्या चैनीसाठीं आणखी पैसे पाठविले नाहींत. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणारा कायदा २००५ सालीं झाला. त्याचा आधार घेणें हा प्रीतीचा भंग नव्हे. मारणाऱ्याच्या हातून पाप घडूं देत राहणें ही त्याजवर दयाहि नव्हे. घरांत नांदण्यास अटी असूं शकतात, आणि कित्येक वेळां असाव्याच लागतात. माणसाचें बरें इच्छिण्यास मात्र अट नसावी. या दोहोंची गल्लत केल्यामुळें पाळकसुद्धां मार खाल्लेल्या स्त्रीस समजूत घालून परत पाठवितात.

अशी एखादी स्त्री माहेरीं राहते, चार घरचीं धुणीं धुऊन मुलांना शाळेंत पाठविते, आणि नवरा सरकारी दवाखान्यांत पडला असें कळतांच डब्यांत भाकरी घेऊन जाते. बरा होऊन तो घरीं चल म्हणाला, तर आधीं दारू सोड म्हणून सांगते व मुलांकडे परत येते. शेजारणी म्हणतात, नांदावयाचें नाहीं तर भाकरी कशाला, आणि भाकरी द्यावयाची तर नांदावयास काय झालें? ती त्यांना कांहीं उत्तर देत नाहीं. दुसऱ्या दिवशीं पुन्हां डबा भरते.