मुदतीचा धर्म

अंथुर्ण्याच्या शिवारात कालव्याच्या पाण्याची पाळी संपली, की मध्यरात्रीही दारे मोडून पुढच्या बागाइतदाराला पाणी द्यावे लागते. आपला ऊस अजून तहानलेला आहे, ही सबब तेथे चालत नाही. मग लोकांनी ५ वर्षांसाठी दिलेली मुखत्यारी ज्याने स्वतःच्याच मताने वाढवून घेतली, त्याचे ते कृत्य धर्म्य मानावे काय?

१९७१ साली निवडलेल्या पाचव्या लोकसभेने, मार्च १९७६ मध्ये मुदत सरत आली असता, आणीबाणीच्या आधारे आणि संविधानाच्या ८३व्या अनुच्छेदान्वये, स्वतःलाच एक वर्षाची मुदतवाढ दिली, आणि पुढे ती पुन्हा एकदा दिली. कायदा तिच्या बाजूस होता, हे नाकारता येत नाही. परंतु विश्वस्ताला ठेवीवर मालकी सांगण्याची मुभा कोणता धर्म देईल? पुण्यात जन्मलेले आणि बिहारमधील बांका येथून निवडून आलेले मधु लिमये त्या वेळी मध्य प्रदेशातील कारागृहात स्थानबद्ध होते. मूळ मुदत संपताच त्यांनी तेथूनच सदस्यत्वाचा राजीनामा दिला. जबलपूरचे तरुण सदस्य शरद यादव यांनीही तेच केले. बंदिवानापाशी त्यागण्याजोगे फार थोडे उरते, आणि त्यांनी नेमके तेच त्यागले, म्हणून या कृत्याला मी व्रताच्या पंक्तीस बसवतो.

लोकसभा जानेवारी १९७७ मध्ये विसर्जित झाली. ४२व्या घटनादुरुस्तीने ६ वर्षांवर नेलेली मुदत १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने पुन्हा ५ वर्षांची केली.