कचारगडाचं गाणं यंत्राला द्यावं का?

आम्हा गोंडांच्या कथेत, गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यातल्या कचारगडाच्या गुहेत कली कंकाली मातेची लेकरं कोंडली होती. सोडवायला आमचे धर्मगुरू पारी कुपार लिंगो आले, जंगो रायताड आली. पण तोंडावरची शिळा हलली ती हिरासुका पाटालीरच्या किंगरीच्या सुराने, आणि तो स्वतः त्या शिळेखाली गेला. दर माघ पौर्णिमेला आम्ही गोंड तिथे जमतो. ज्या धर्मात सुराने शिळा सरकते, तिथे आवाजाला नुसता ‘डेटा’ कसं म्हणायचं?

मी प्राथमिक शिक्षक. सुट्टीत, यंत्राला गोंडी शिकवणाऱ्या एका प्रकल्पासाठी ध्वनिमुद्रित केलेली वाक्यं तपासतो, आणि हे काम मला पटतं. २०११च्या जनगणनेत २९ लाखांवर लोकांची ही मातृभाषा, तरी आठव्या अनुसूचीत नाही. २०२५मध्ये केंद्राच्या ‘आदि वाणी’ या भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये गोंडी आली. दवाखान्यात एखाद्या बाईला तिचं दुखणं तिच्या बोलीत सांगता येणार असेल, तर यंत्राला शंभरदा या म्हणावं.

अडतं पुढेच. प्रकल्पाची पोरं एका म्हाताऱ्या परधानाकडे, म्हणजे आमची देवगाणी गाणाऱ्याकडे, गेली. त्याने बाना हे आपलं वाद्य लावलं, देवाचं गाणं सुरू केलं. मध्येच एक पोरगा म्हणाला, “बाबा, तेवढी ओळ परत म्हणा, मागे कोंबडा आरवला.” म्हाताऱ्याने बान्याला खोळ घातली. “कोंबडा नको, तर देव कशाला येईल?” पोरांना चहा मात्र पाजला.

यंत्राला काही सेकंदांचा स्वच्छ तुकडा पुरतो. परधान मात्र कोणाच्या दारी, कुठल्या सगाच्या, म्हणजे कुळगटाच्या, देवापुढे, कशासाठी, हे ठरल्याशिवाय गात नाही. मित्र म्हणतात, म्हातारे गेले की सगळं गेलं, आधी भरून घ्या. भीती खरी आहे. मग ध्वनिमुद्रण करा, कुळाकडे ठेवा. यंत्राकडून गाऊन घेणं निराळं. उद्या कुणी बटण दाबून मर्तिकाचं गाणं वरातीत वाजवेल. यंत्राला कशाचंच सोयरसुतक नाही.

न्यूझीलंडच्या ‘ते हिकू मीडिया’ने माओरी आवाज गोळा करून यंत्र स्वतःच घडवलं आणि खास परवाना करून त्या आवाजांची राखण आपल्याच लोकांकडे ठेवली. आमच्याकडे संमतीपत्रावर एकाची सही घेतात. देव सगळ्या सगाचा असतो.

बाजार, रेशन, शेती, शाळा, हवं तर भांडणंही शिकवा यंत्राला. वाक्यं तपासायला मी आहे. पेनाची, म्हणजे देवाची, गाणी हवी असतील तर आधी गावाची बैठक बसवा, आणि गाव नाही म्हणालं तर ती फाइल पुसून टाका.