ती शिट्टी कुणाच्या नावावर?

हल्ली कुठल्याही जुन्या गाण्याचं नाव काढलं की पाठोपाठ वाक्य येतंच: 'याचं फिल्मफेअर हुकलं, केवढा अन्याय!' अन्याय झाले, ते मलाही डाचतात. पण हरायला आधी शर्यतीत असावं लागतं, आणि गाणं 'गाणं' म्हणून तिथे जेमतेम दोन वर्षं होतं.

१९५४ साली नौशादना 'बैजू बावरा'तल्या 'तू गंगा की मौज' या एका गाण्यासाठी पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी सचिनदेव बर्मननाही 'टॅक्सी ड्रायव्हर'मधल्या एकाच गाण्यासाठी. त्यानंतर सबंध चित्रपटाचं संगीत तोललं जाऊ लागलं. 'मुघल-ए-आझम' आणि 'गाइड' कुणापुढे हरले, ते सगळ्यांना पाठ आहे.

खरं वळण आलं ते लताबाईंच्या नकाराने. 'चोरी चोरी'ला संगीताचा पुरस्कार मिळाला आणि जयकिशननी त्यांना समारंभात 'रसिक बलमा' गायला सांगितलं. त्या नाही म्हणाल्या: पुरस्कार संगीतकाराचा आहे, गायक-गीतकाराला तिथे जागाच नाही. हा किस्सा आपण मानापमानाचा म्हणून रंगवतो, नाहीतर गायकांचा विजय म्हणून. मला त्यात वेगळंच ऐकू येतं. गाणं एकट्याचं नसतं, असं त्या सांगत होत्या. मागणी रास्तच होती. पण ती मान्य करताना गाण्याचे वाटे पडले. १९५९ साली 'आजा रे परदेसी'साठी लताबाईंना पार्श्वगायनाचा पुरस्कार मिळाला. ते लिहिलं शैलेंद्रनी. त्यांनाही त्याच वर्षी पुरस्कार मिळाला, पण 'यहुदी'मधल्या दुसऱ्याच गाण्यासाठी. आवाज इकडे, शब्द तिकडे.

१९७३ ची गोष्ट म्हणूनच नीट सांगायला हवी. 'पाकीझा'ला डावलून संगीताचा पुरस्कार 'बेईमान'ला गेला. 'पाकीझा'चे संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ मध्येच वारले होते. प्राणनी 'बेईमान'साठीच मिळालेला स्वतःचा पुरस्कार नाकारला, त्याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे. पण 'दम मारो दम'ने 'पाकीझा'तल्या 'चलते चलते'च्या लताबाईंना हरवलं, असं जे सर्रास सांगितलं जातं, ते मला पटत नाही. नव्या गायिकांना वाव मिळावा म्हणून १९७० च्या सुमारासच त्यांनी आपण होऊन माघार घेतली होती. तो आवाज हरला नव्हता. हरले ते गुलाम मोहम्मद.

परवा 'चलते चलते' पुन्हा ऐकलं. गाणं संपता संपता दुरून आगगाडीची शिट्टी येते आणि आतापर्यंतचं सारं वाट पाहणं त्या एका आवाजात गोळा होतं. चाल गुलाम मोहम्मदांची, शब्द कैफींचे, गळा लताबाईंचा, चेहरा मीनाकुमारीचा, आणि ती गाडी कमाल अमरोहींच्या कथेतली. मी ती शिट्टी तीनदा मागे नेऊन ऐकली.