वालाच्या मुळाशी

पालघर, वाडा, विक्रमगडकडे भात कापला की उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. त्याला फारसं खत कुणी घालत नाही, तरी वेल हिरवागार वाढतो. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्या कितीतरी जणांच्या घरच्या शेतात हा वाल असतो. आज त्याच्या मुळांबद्दल बोलू.

फुलोऱ्यावर आलेलं एखादं झाड मुळासकट हळूच खणून काढा, मुळं पाण्यात धुवा. बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी, लालसर रंग दिसला तर ती कामाला लागलेली आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं भावंड शोभेल असं द्रव्य तिथे असतं. गाठीत राहतात रायझोबियम जिवाणू. १८८८ साली डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी ते वेगळे काढले. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण झाडाला तो थेट घेता येत नाही. जिवाणू त्याचा अमोनिया करून देतात, झाड त्यांना साखर पुरवतं. खतकारखान्यात याच कामासाठी प्रचंड उष्णता आणि दाब लागतो!

म्हणून माझा आग्रह आहे, वाल उपटू नका, बुडाशी कापा. मुळं जमिनीतच कुजतात आणि त्यातला थोडा नायट्रोजन पुढच्या भाताला मिळतो. भाताच्या रोपांसाठी राब भाजताना जाळही वाफ्यापुरताच ठेवा, कारण आगीत मातीच्या वरच्या थरातले जीव मरतात. बाकीचा पालापाचोळा बांधाकडेला शेणाबरोबर कुजवलात, तर चिखलणीआधी शेतात पसरता येईल.