चारने भाग न जाणारा पत्ता

आज मनासमोर एकच आकडा ठेवायचा आहे : ४५४. घाई नको. त्याला चारने भागून पाहा. एकशे तेरा चोक चारशे बावन्न, बाकी दोन. ही बाकी हातचा म्हणून धरून ठेवा. बूटलोडरमधला एक अख्खा बग तिच्यात मावतो.

आता या आकड्याची जागा पाहू. एसडी कार्डाचा किंवा डिस्कचा पहिला सेक्टर, ५१२ बाइटांचा. शेवटच्या दोन बाइटांत ठरलेली खूण. तिच्या आधी पार्टिशन टेबल, सोळा-सोळा बाइटांच्या चार नोंदी. ५१२ मधून दोन गेले, चौसष्ट गेले, उरले ४४६. टेबल तिथून सुरू होतं. प्रत्येक नोंदीत आठ बाइट सोडले की पुढचे चार बाइट सांगतात, हे पार्टिशन कितव्या सेक्टरपासून सुरू होतं. ४४६ आणि आठ, ४५४. नोंदीच्या आत तो आकडा चारच्या पटीत नीट बसलेला आहे. टेबलच दोन बाइट सरकून बसलं आहे.

ज्यांनी हे आखलं त्यांच्याकडेही जरा शांतपणे पाहू. हे टेबल १९८३ साली पीसी डॉस २.० बरोबर आलं. त्या काळच्या आयबीएम पीसीत इंटेलचा ८०८८ होता आणि त्याची डेटा बस आठ बिटांची. तो मेमरीतून एका खेपेला एकच बाइट उचलायचा. त्याला ४५४ काय आणि ४५६ काय, सारखंच. फॅट फाइल सिस्टीमच्या बूट सेक्टरमध्येही हेच दिसतं : आधी जंपचे तीन बाइट, मग नावाचे आठ, आणि लगेच अकराव्या पत्त्यावर सेक्टरची लांबी सांगणारा दोन बाइटांचा आकडा. विषम पत्ता, तरी कुणाचं काही अडलं नाही. त्यामुळे मनात राग येत असेल तर तो इथेच सोडून द्या. त्या माणसांनी आपल्या यंत्रापुरतं बरोबरच केलं होतं. आपण ती मांडणी चाळीस वर्षांनी दुसऱ्याच यंत्रावर वाचतो आहोत, एवढंच.

आता वाचणाऱ्या ओळीपाशी या. बफरच्या सुरुवातीच्या पत्त्यात ४५४ मिळवायचे, जो पत्ता येईल त्याला ३२ बिटी पूर्णांकाचा पॉइंटर म्हणून कास्ट करायचं आणि तिथून वाचायचं. सीमध्ये एका ओळीचं काम. पण त्या कास्टने आपण कंपायलरला शब्द दिलेला असतो की हा पत्ता चारच्या पटीत आहे. आपण असं काही बोललो हे आपल्या लक्षातही नसतं. कंपायलर मात्र त्यावर पूर्ण विसंबतो. आणि शब्द खोटा निघाला तर पुढे काय होईल, याची कसलीही हमी सी भाषा देत नाही.

इथे थोडं रेंगाळा. एकच ओळ तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी वागते, आणि तिन्ही पाहिल्याशिवाय हा बग कळत नाही.

लॅपटॉपवरच्या इंटेल प्रोसेसरवर ती निमूट चालते. तिथल्या चाचण्या हिरव्या होतात, मन निश्चिंत होतं.

जुन्या आर्मवर, म्हणजे आर्मव्ही५ पर्यंतच्या प्रोसेसरवर, अलाइनमेंटची तपासणी बंद असेल तर जे होतं ते एकदा हाताने करून पाहण्यासारखं आहे. समजा पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सुरू होतं. बहुतेक कार्डांवर हल्ली असंच असतं. ४५४ पासूनचे चार बाइट आहेत ०, ८, ०, ०. त्यांच्या आधीचे दोन, ४५२ आणि ४५३ वरचे, शेजारच्या जुन्या सिलिंडर-हेड हिशोबाचे, आणि ते पुष्कळदा २५५, २५५ असे भरलेले असतात. प्रोसेसर आपण दिलेल्या पत्त्यावरून वाचतच नाही. तो मागे सरकून ४५२ पासूनचे चार बाइट उचलतो : २५५, २५५, ०, ८. मग ते सोळा बिटांनी फिरवतो. हाती येतात ०, ८, २५५, २५५. खालचा अर्धा भाग अगदी खरा, वरचा अर्धा शेजाऱ्याचा. २०४८ च्या जागी ४,२९,४९,०३,८०८. कुठेही तक्रार नाही, प्रोसेसर पुढच्या सूचनेकडे गेलेलासुद्धा. बूटलोडर तो सेक्टर शोधायला निघतो, आणि कन्सोलवर ओळ उमटते की फाइल सिस्टीम सापडली नाही. माणूस दिवसभर कार्ड बदलत बसतो.

तिसरी तऱ्हा आजच्या ६४ बिटी आर्मवरची. लिनक्स चालू असताना साध्या रॅममध्ये हीच ओळ बिनबोभाट चालते. बूटलोडरच्या सुरुवातीला मात्र एमएमयू अजून बंद असतो. कोणता पत्ता रॅमचा आणि कोणता एखाद्या उपकरणाच्या रजिस्टरचा, हे प्रोसेसरला सांगणारं कुणी नसतं. म्हणून तो डेटाचा प्रत्येक पत्ता उपकरणाचाच धरतो. चारच्या पटीत नसलेलं वाचन करायचं तर त्याचे तुकडे करावे लागू शकतात, आणि उपकरणाचं रजिस्टर दोनदा वाचणं धोक्याचं असतं. काही रजिस्टरं वाचताक्षणी रिकामी होतात. त्यामुळे तो सरळ नकार देतो. सिंक्रोनस अॅबॉर्ट. कारण सांगणाऱ्या रजिस्टरचे शेवटचे सहा बिट पाहा : १००००१. याचा अर्थ अलाइनमेंट फॉल्ट.

या अॅबॉर्टकडे संकट म्हणून पाहू नका. मला स्वतःला तो नेहमीच उपकारासारखा वाटत आला आहे. यू-बूट या बूटलोडरने तर आर्मव्ही७ च्या सुरुवातीच्या कोडमध्ये अलाइनमेंट तपासणीचा बिट जाणूनबुजून चालू ठेवला, तो याच समजुतीने. चूक झाली त्या क्षणी, त्याच पत्त्यावर थांबायला मिळणं बूटलोडरमध्ये फार मोलाचं असतं, कारण इथे खाली झेलणारं कुणी नाही. ३२ बिटी आर्मवर लिनक्सचा कर्नल प्रोग्रामांचं असं वाचन पकडून सावरून देऊ शकतो. बूटलोडरला असा वडीलधारा नाही.

अॅबॉर्टबरोबर कन्सोलवर छापून आलेली रजिस्टरं वाचा. यू-बूट स्वतःला रॅमच्या वरच्या टोकाला हलवून घेतो, म्हणून प्रोग्राम काउंटरमधून तेवढं अंतर वजा करा, मग मॅप फाइलमध्ये फंक्शन शोधा. ज्या पत्त्यावर अडलं त्याला चारने भागा. बाकी दोन. हातचा धरून ठेवलेला तोच.

आता दुरुस्तीची घाई होईल. ती होऊ द्या, पण मनातल्या प्रत्येक उपायाला जरा वेळ बसवून विचारा.

एमएमयू आधीच चालू केला तर? अॅबॉर्ट जाईल. खोटा शब्द तसाच राहील, आणि हा कोड उद्या एखाद्या छोट्या कॉर्टेक्स-एम० वर गेला की हार्ड फॉल्ट देईल. तिथे असं वाचन मुळात चालतच नाही. बफर दोन बाइट पुढे सरकवला तर? ४५४ चा प्रश्न सुटेल, पण त्याच बफरमध्ये फॅटचा सेक्टर आला की अकरावा पत्ता अडेल का, हे पुन्हा कंपायलरच्या मर्जीवर. शिवाय डीएमएला बफर कॅश लाइनच्या सीमेवर हवा असतो, तीच आपण मोडलेली असेल. नोंदीसाठी स्ट्रक्ट करून त्याला पॅक्ड म्हटलं तर? त्या स्ट्रक्टमधून वाचाल तोवर कंपायलर सांभाळून घेईल. एखाद्याने त्यातल्या फील्डचा पत्ता साध्या पॉइंटरमध्ये घेतला की संपलं. जीसीसी ९ पासून याचा इशारा मिळतो. तो कधी बंद करू नका.

उरतो तो उपाय साधा आहे. हे चार बाइट मुळात एकेक बाइट म्हणून मांडलेले आहेत, तर एकेक करूनच उचला, आठ-आठ बिटांनी सरकवून जोडा. यू-बूटमध्ये आणि लिनक्समध्ये यासाठी ‘गेट अनअलाइन्ड’ घराण्यातली फंक्शनं आहेत. पत्ता कुठेही पडू शकतो आणि आकडा लिटल-एंडियन आहे, या दोन्ही गोष्टी तिथे नावातच लिहिता येतात. पुढे वाचणाऱ्याला अंदाज करावा लागत नाही.

मेमकॉपी वापरली तरी चालेल ना? चालेल, पण या एका जागी सावकाश पाऊल टाका. चार बाइटांची मेमकॉपी कंपायलर पुष्कळदा एका लोड सूचनेत बदलतो, कारण हा प्रोसेसर अनअलाइन्ड वाचू शकतो असं त्याने गृहीत धरलेलं असतं. २०१२ साली जीसीसी ४.७ ने आर्मव्ही६ आणि आर्मव्ही७ साठी हे गृहीतक आपणहून चालू केलं, आणि वर्षानुवर्षं नीट चाललेला बूटलोडरचा कोड नव्या कंपायलरवर अडू लागला. एका ओळीतही बदल न होता. एमएमयू बंद असताना चालणारा सगळा कोड म्हणून ‘स्ट्रिक्ट अलाइन’ पर्यायाने बिल्ड करायचा असतो. ३२ बिटी आर्मवर ‘नो अनअलाइन्ड अॅक्सेस’ने.

ओळ दुरुस्त झाली की उठू नका. हीच बाकी आणखी कुठे लपली आहे ते पाहा. टीएफटीपीवरून कर्नल उतरवताना इथरनेटचा हेडर चौदा बाइटांचा असतो, पुन्हा बाकी दोन, आणि मागून येणारे आयपी पत्ते त्यावरच पडतात. डिव्हाइस ट्रीत प्रॉपर्टी चारच्या पटीत असतात, पण मेमरीचा पत्ता ६४ बिटी असू शकतो आणि त्याला आठची पट हवी. ती कधी मिळते, कधी नाही. आधीच्या प्रॉपर्टीचं मूल्य चार बाइटांनी वाढलं की पुढचं सगळं तेवढंच सरकतं. एक नोंद वाढवल्यावर बोर्ड उठेनासा झाला, काढल्यावर उठला, असं कुणी सांगितलं तर नोंद काय होती हे विचारण्याआधी पत्त्याला आठने भागा.

आणि मग एक छोटी चाचणी लिहा. ०, ८, ०, ० हे चार बाइट बफरमध्ये शून्य, एक, दोन, तीन अशा चारही जागांवरून ठेवून वाचा, दर वेळी २०४८ आले पाहिजेत. ती लॅपटॉपवर चालवून भागणार नाही, तिथे जुनी ओळसुद्धा पास होते. प्रत्यक्ष बोर्डावर, एमएमयू बंद असताना चालवा.