तंबूखालची जमीन

उन्हाळ्याच्या सुट्टीत कुटुंबासह पर्वतप्रदेशात जावे, स्वतःच्या मोटारीने जावे आणि रात्री तंबूत काढाव्यात, या निरुपद्रवी बेतात नीतीचा प्रश्न कोठून उपस्थित झाला, असे वाचक विचारतील. पैशाचा प्रश्न असेल, रजेचा असेल; स्वतःच्या गाडीने केलेल्या प्रवासाचा खर्च रजा-प्रवास सवलतीत मिळत नाही, हा नियम तर आपणां सर्वांना तोंडपाठ आहे. परंतु बेत आखता आखता आम्ही एका साध्या गोष्टीपाशी अडलो. तंबूच्या मेखा ज्या जमिनीत ठोकावयाच्या, ती जमीन कोणाची?

मार्ग ठरला आहे तो असा: दिल्ली, चंडीगड, मंडी, मनाली आणि तेथून बोगद्यातून पलीकडे लाहौल. महिना जून. हा नऊ किलोमीटरांचा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. त्यापूर्वी ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड बर्फाने मिटली की लाहौलची माणसे कित्येक महिने अडकून पडत. सैन्याची सोय हा बोगद्यामागील मोठा हेतू खरा; पण आजाऱ्याला हिवाळ्यात वेळेवर रुग्णालयात नेता यावे, ही तेथील लोकांची इच्छाही त्यात होती. त्या वाटेने आता आम्ही शेगडी, सतरंज्या आणि तंबू घेऊन जाणार.

नकाशावर नदीकाठी हिरवा तुकडा दिसला की मन म्हणते, ही जागा मोकळी आहे. ‘मोकळी’ हा शब्द मोठा फसवा. आम्ही कारकून मंडळी कागदावर ज्या जमिनीपुढे मालकाचे नाव नसते, तिला सहज ‘सरकारी’ किंवा ‘पडीक’ म्हणून टाकतो. आपल्याकडील गायरानालाही परका माणूस पडीकच समजेल; गावच्या गुराख्याला मात्र त्याचा प्रत्येक बांध ठाऊक असतो. लाहौलच्या कुरणांचे तसेच आहे. कांगडा व चंबा भागांतील गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात धौलाधार व पीरपंजाल ओलांडून आपले कळप तेथे नेतात. अशा चराईच्या डोंगराला ते ‘धार’ म्हणतात. कोणत्या धारेवर कोणाचा कळप जावयाचा, हे पिढ्यांपासून ठरलेले असून वनखात्याचा परवानाही लागतो. आम्हांस रिकामे दिसणारे गवत म्हणजे आठवड्यानंतर येणाऱ्या कळपाचे वाढून ठेवलेले ताट असू शकते.

यावर कोणी म्हणेल, मेंढपाळही उघड्यावरच राहतो. मग आम्हीच काय घोडे मारले? येथे आम्हांस आपल्या धनगरांची आठवण होते. पावसाळा सरल्यावर दुष्काळी भागातून निघालेला धनगर वाटेतल्या शेतात रात्री मेंढरे बसवितो, आणि त्याबद्दल शेतकरीच त्याला धान्य किंवा पैसे देतो. कारण कळप खत ठेवून जातो. एका रात्रीच्या मुक्कामाने जमीन सुपीक करून जाणारा पाहुणा, आणि एका रात्रीच्या मुक्कामाने प्लॅस्टिकच्या पिशव्या, चुलीची काळी खूण आणि ओढ्याकाठी शौचाचे खड्डे ठेवून जाणारा पाहुणा, यांना एकाच पंक्तीस कसे बसवावे? त्यातून त्या उंचीवरील थंड, कोरड्या हवेत कुजण्याची क्रियाही फार मंद. संत्र्याची साल आपण परत दिल्लीस पोहोचल्यावरही तेथेच पडून असते.

कायद्याने उत्तर सोपे होते, असे वाटेल. गढवालकडे उंचावरील कुरणांना बुग्याल म्हणतात. उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामास मनाई केली. हिमाचलात अर्थातच तो हुकूम चालत नाही. आमच्यातील कारकून लगेच म्हणतो, जेथे मनाई नाही तेथे मुभा आहे. कचेरीत हे तर्कशास्त्र उपयोगी पडते; पण परक्याच्या ओसरीवर फलक नाही म्हणून कोणी अंथरूण पसरीत नाही.

खरे म्हणजे हे आपल्यासारख्यांना अधिक कळावयास हवे. आपण सरकारी निवासात राहतो. ताबा घेताना पंख्यांची, नळांची, काचांची यादी होते. सोडताना भिंतीतील खिळ्याच्या भोकांचाही हिशेब द्यावा लागतो. दर तीन-चार वर्षांनी हे करूनही आपल्याला ते जाचक वाटते, परंतु अन्यायाचे वाटत नाही; पुढचा भाडेकरू येणार, हे आपण जाणतो. कुरणावर यादी करणारा कोणी नसतो. म्हणून ती आपणच मनात करावयाची, एवढाच फरक.

दुसरी बाजू आम्हांस पुसून टाकता येत नाही. बदलीच्या गावांत वाढलेल्या आमच्या मुलांना स्वतःचे असे गाव नाही. अंगण नाही, ओढा नाही. एक रात्र तरी त्यांनी छपराखेरीज झोपावे, थंडीने जागे व्हावे, आकाशातील गर्दी पाहावी, ही आमची हौस केवळ चैन नव्हे. पर्वतावर जाऊच नये, असे सांगणाऱ्या शुद्ध वैराग्याशी आमचे जमणार नाही. शिवाय तेथील पुष्कळ कुटुंबांची मिळकत आता पाहुण्यांवर अवलंबून आहे. पैसे मोजले म्हणजे सगळे फिटते, असेही आम्ही मानीत नाही. पण ज्याला पैसे द्यावयाचे त्याला निदान विचारावे तरी लागते, आणि विचारले म्हणजे ‘नाही’ ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. मोकळ्या कुरणाचे आकर्षण पुष्कळदा याच तयारीतून सुटका मिळते म्हणून असते, असा आमचा संशय आहे.

तेव्हा पहिल्या दोन रात्री केलाँगच्या परिसरातील एखाद्या घरमालकाला विचारून, वाटाण्याच्या शेताकडेच्या त्याच्या अंगणात तंबू लावावा, असे सौभाग्यवतींनी सुचविले व आम्ही ते मान्य केले. केरासाठी दोन जाड पोती त्यांनी सामानात सर्वांत वर बांधली आहेत. चिरंजीवांचे मात्र समाधान नाही. अंगणातला तंबू हा तंबूच नव्हे, असे त्यांचे मत. तिसऱ्या रात्री वर कुरणाकडे जावे, आणि एखादा मेंढपाळ भेटलाच तर त्याला विचारावे, एवढी तडजोड झाली. “आणि कोणीच भेटले नाही तर, बाबा?” असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांच्या मातोश्रींनी आमच्याकडे पाहिले. बेताच्या कागदावर तिसऱ्या रात्रीपुढची जागा अद्याप कोरी आहे.