बरं वाटणं, बरं होणं

आजाऱ्याला भेटायला गेलेला माणूस आपल्याकडं "बरा झालास का?" असं एकदम विचारत नाही. "बरं वाटतंय का?" असं विचारतो. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे मला कळलं आत्याच्या कंबरेमुळं.

आत्याचा जन्म खुरपणीत आणि ज्वारीच्या काढणीत गेला. पन्नाशीतच उठता-बसता कण्हायची. गोळ्या झाल्या, शेक झाला, पट्टा झाला. मग कुणीतरी सांगितलं, बाजाराच्या दिवशी तालुक्याला सुया टोचणारे डॉक्टर येतात. आमच्या सोलापूरकडं चीन म्हटलं की डॉ. कोटणीस आठवतात, त्यामुळं चिनी उपचार म्हणून कुणी नाक मुरडलं नाही. सहा खेपा झाल्या आणि आत्या हात न टेकता चुलीपुढनं उठायला लागली. पण सुयांपेक्षा ती डॉक्टरांबद्दलच जास्त बोलायची. "समदं इचारून घेत्यात. झोप लागती का, जेवण जातं का, घरी कोण कोण हाय." आधीच्या दवाखान्यात तिचं बोलणं संपायच्या आत चिठ्ठी लिहून व्हायची.

पुढं माझ्या वाचनात जर्मनीतली एक चाचणी आली. २००७ साली तिचे निष्कर्ष छापले गेले. जुनाट कंबरदुखीचे ११६२ रुग्ण घेतले होते. काहींना शास्त्राप्रमाणे सुया टोचल्या, काहींना भलत्याच जागी, वरवर. उरलेल्यांना नेहमीची औषधं आणि व्यायाम. सहा महिन्यांनी पाहिलं तर खऱ्या सुयांनी ४७.६ टक्के लोकांना फरक पडला होता, खोट्या सुयांनी ४४.२ टक्क्यांना. औषध-व्यायामवाले २७.४ टक्क्यांवरच. म्हणजे जागा चुकली तरी फारसं बिघडत नव्हतं. निजवणं, हात लावणं, टोचणं, पुन्हा येण्याची वाट बघणं, यातच बराचसा गुण होता.

हे आत्याला सांगावं का? सांगितलं आणि तिचा आराम गेला तर? पण पैसे तिचे, कंबर तिची. तिच्यापासून लपवून ठेवणारा मी कोण? सांगितलं. तिनं ज्वारी पाखडता पाखडता ऐकलं आणि म्हणाली, "कंबर माझी हाय. दुखायचं ऱ्हायलं का न्हाई, ते मी सांगणार का तुझा कागद?"

तिचं खरंच होतं. दुखण्याला दुसरा साक्षीदार नसतो. दुखत नाही असं वाटलं, म्हणजे दुखत नाही. आणि गुण यायला खोटं बोलावंच लागतं असंही नाही. अमेरिकेत बोस्टनच्या संशोधकांनी २०१० साली आतड्याच्या विकाराच्या रुग्णांना "या गोळीत औषध नाही" असं तोंडावर सांगून गोळ्या दिल्या. तरी गोळी न घेणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त आराम पडला.

पण आत्याचं बघून शेजारच्या मळ्यातले तात्या दम्यासाठी जायला लागले. चार खेपांत म्हणाले, "छाती मोकळी झाली," आणि पंप कोनाड्यात ठेवून दिला. पंप सोडा असं त्या डॉक्टरांनी म्हटलं नव्हतं. सोडू नका असंही म्हटलं नव्हतं. मला राग आहे तो या न बोलण्याचा.

कारण दम्याला साक्षीदार असतो. बोस्टनलाच २०११ साली ही परीक्षा झाली. सालब्युटामॉलचा पंप, नुसत्या हवेचा पंप, खोट्या सुया आणि काहीच नाही, असे चार प्रकार. बरं किती वाटतंय विचारलं तर पहिल्या तिन्हींचं उत्तर जवळपास सारखं, पन्नास टक्क्यांच्या आसपास. फुंकर मारायला लावून फुप्फुसाची ताकद मोजली, तेव्हा खऱ्या पंपानं ती २० टक्क्यांनी वाढली होती. बाकी तिघांत जेमतेम ७ टक्क्यांनी. माणसाला वाटतं मोकळं झालं, आणि श्वासनळी तशीच आवळलेली.

उसाच्या तोडीचे दिवस होते. पाचट पेटवल्याचा धूर शिवारभर पसरला होता. मध्यरात्री तात्यांचे ओठ निळे पडले. पंप कोनाड्यात आहे हे फक्त सुनेच्या ध्यानात होतं. ती धावली, मग जीपनं तालुका गाठला. तात्या वाचले.

ते अजून बाजाराच्या दिवशी सुया टोचून घ्यायला जातात. नको म्हणून कुणी सांगितलं नाही, मीही नाही. निघताना सून तेवढा सदऱ्याचा खिसा चाचपून बघते.